झूम विजेरीतील रंगीत दीपबदल

पुढचे भिंग मागेपुढे सरकवून झोत पसरवता किंवा आवळता येणाऱ्या लहान विजेरीतील पांढरी एलईडी काढून तिच्या जागी लाल, अंबर, हिरवी वा निळी एलईडी बसवण्याची क्रिया. एका एए सेलवर चालणाऱ्या बोटभर लांबीच्या विजेऱ्या यासाठी विशेष पसंत केल्या जातात. काचेवर लाल जिलेटीन कागद लावणे हा जुना व सोपा पर्याय होय. मात्र तो फारसा उपयोगी नाही. पांढरी एलईडी मुळात निळी असते आणि तिच्यावरील पिवळ्या फॉस्फरच्या (निळा उजेड शोषून पिवळसर उजेड देणाऱ्या पदार्थाच्या) थरामुळे ती पांढरी भासते. तिच्या प्रकाशात ६२० नॅनोमीटरपलीकडचा लाल अंश थोडाच असल्याने कागद बहुतेक उजेड गिळून टाकतो. लाल एलईडीचा जवळजवळ सगळा प्रकाश मुळातच त्या अरुंद पट्ट्यात असतो.

झोत पूर्ण आवळला की भिंग एलईडीपासून आपल्या नाभीय अंतरावर येते आणि भिंतीवर चिपची, म्हणजे एलईडीतील प्रकाश देणाऱ्या तुकड्याची, चौकोनी प्रतिमा उमटते. रंगीत चिपवर फॉस्फर नसल्यामुळे या चौकोनात चिपवरील बारीक तारा काळ्या रेघांसारख्या स्पष्ट दिसतात. पांढऱ्या झोताच्या कडेला दिसणारी रंगीत झालरही येथे नसते, कारण एकाच रंगाचे किरण भिंगातून जवळपास सारखेच वळतात. लाल रंगासाठी भिंगाचे नाभीय अंतर निळ्यापेक्षा किंचित जास्त भरते. पण हा फरक विजेरीचे डोके सरकण्याच्या जागेत सहज सामावतो. झोत किती दूर जाईल हे एकूण प्रकाशापेक्षा चिपच्या पृष्ठभागाच्या तेजस्वितेवर अवलंबून असते. म्हणून मोठ्या चिपपेक्षा सुमारे एक मिलिमीटर बाजूची लहान चिप श्रेयस्कर.

रंगीत एलईडीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडचे हेन्री जोसेफ राउंड यांनी १९०७ मध्ये कार्बोरंडमच्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) स्फटिकाला विद्युतदाब दिल्यावर पिवळसर उजेड दिसल्याची छोटी नोंद प्रसिद्ध केली. रशियाचे ओलेग लोसेव्ह यांनी १९२० च्या दशकात या आविष्काराचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यामुळे केवळ निरीक्षणाचा मान राउंड यांचा आणि अभ्यासाचा लोसेव्ह यांचा, ही विभागणी न्याय्य वाटते. पुढे १९६२ साली दोन दावे समोर आले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे बिआर्ड व पिटमन यांनी ऑगस्टमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तर जनरल इलेक्ट्रिकचे निक होलोनियाक यांची लाल एलईडी ऑक्टोबरमध्ये प्रकाशली. पहिल्या दोघांची एलईडी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी होती. दृश्य प्रकाश हा निकष धरल्यास व्यवहारोपयोगी लाल एलईडीचे श्रेय होलोनियाक यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. तेजस्वी निळी एलईडी १९९० च्या दशकात आली. तिच्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. एक वॅटच्या आसपासच्या शक्तिशाली एलईडी १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या असल्याने प्रस्तुत दीपबदल त्याआधीचा असू शकत नाही. स्वस्त झूम विजेऱ्या सर्वत्र मिळू लागल्यावर, साधारण २०१० नंतर, तो हौशी कारागिरांत रुळला असावा.

या कामातली खरी मेख विद्युतदाबात आहे. निळी व हिरवी एलईडी इंडियम गॅलियम नायट्राइडची असून तिला पांढरीइतकाच, म्हणजे तीन व्होल्टच्या वर दाब लागतो. ती बसवली की विजेरी बहुधा विनातक्रार चालते. लाल एलईडी ॲल्युमिनियम इंडियम गॅलियम फॉस्फाइडची असते आणि तिला सुमारे २.१ व्होल्ट पुरतात. साध्या दीड व्होल्टच्या सेलवर विजेरीतील दाब वाढवणारे मंडल तिला सांभाळून घेते. त्याच आकाराचा लिथियम-आयन सेल घातला की चित्र पालटते. पूर्ण भारित अवस्थेत त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तो या मंडलातून जवळजवळ तसाच पुढे जातो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि एलईडी क्षणात काळवंडते. यावर ३५० मिलिअँपिअरवर प्रवाह रोखणारी ७१३५ क्रमांकाची चकती वापरतात. तेव्हाही उरलेले २.१ व्होल्ट त्या चकतीतच उष्णता होऊन जातात: २.१ × ०.३५, म्हणजे सुमारे ०.७४ वॅट. एलईडीला मिळणारी शक्तीही तेवढीच. सेलमधली जवळपास निम्मी ऊर्जा अशी खर्ची पडते, तरी सुरक्षिततेसाठी हा मार्ग पत्करावा. लाल व अंबर एलईडीचा प्रकाश तापल्यावर इतर रंगांपेक्षा जास्त उतरतो. त्यामुळे एलईडीची ॲल्युमिनियम पट्टी व खालचे बूड यांमध्ये थर्मल पेस्टचा पातळ, सलग थर हवा.

प्रत्यक्ष जोडणी अवघड नाही. डोके फिरवून सोडवणे, दोन तारांचा डाख काढणे, पट्टी बदलणे, धन-ऋण पाहून पुन्हा डाख देणे. काही स्वस्त चिपांचा तळ विद्युतदृष्ट्या तटस्थ नसतो. तो बुडाला टेकला की शॉर्ट होते. मीटरने आधी तपासावे. नाशिकमध्ये डाखकामाचे साहित्य महात्मा गांधी रोडच्या बाजारपेठेत मिळते.

त्र्यंबकेश्वर-अंजनेरी भागात शहराच्या उजेडापासून दूर तारे पाहणाऱ्यांना लाल विजेरीचे मोल अधिक. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती मेहनत वाया जाते. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असून लाल प्रकाशाला त्या फारसा प्रतिसाद देत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात रात्रपाळीच्या सैनिकांना लाल चष्मे देण्यामागे हेच कारण होते. याउलट, अतिमंद हिरवा किंवा पांढरा प्रकाश बरा, असेही एक मत आहे. लाल उजेडात नकाशावरील लाल रेघा कागदात विरून जातात आणि बारीक अक्षरे वाचायला उजेड वाढवावा लागतो, हा त्यातला मुद्दा रास्त आहे. तथापि आकाशनिरीक्षणासाठी मंद लाल प्रकाशच योग्य दिसतो. यातील ‘मंद’ हा भाग सोडता येत नाही: आवळलेला, पूर्ण शक्तीचा लाल झोतही शेजाऱ्याचे डोळे बिघडवतो.

निफाडच्या ऊसपट्ट्यात रात्री पाणी भरायला जाणाऱ्यांनी बिबट्याच्या धास्तीपोटी रंगीत विजेरीवर विसंबू नये. तेथे रुंद पांढरा झोतच उपयोगी. हिरवा रंग डोळ्याला सर्वांत तेजस्वी भासतो. विंचू जंबुपार (अतिनील) प्रकाशात हिरवट चमकतात, त्यामुळे ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची एलईडी त्यांच्या शोधासाठी बसवतात. ४५० नॅनोमीटरजवळची गडद निळी एलईडी जपून वापरावी. ती डोळ्याला मंद वाटते म्हणून माणूस नजर वळवत नाही, पण दृष्टिपटलाला सर्वाधिक अपाय याच पट्ट्यातून संभवतो. राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात रातथाऱ्यावरील पक्ष्यांवर कोणत्याही रंगाचा झोत टाकू नये. अभयारण्यात वन्य प्राण्यांना त्रास देण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे.