उसण गेली, स्नायू परतला का?

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय कंबरेला लावून घ्यायचा, ही पद्धत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. चार-आठ दिवसांत दुखणं जातं आणि श्रेय पायाळूला मिळतं. साधी उसण काही न करताही बहुधा ओसरतेच. पण दुखणं थांबलं म्हणजे कंबर बरी झाली, हा समज शिकल्या-सवरलेल्या घरांतही पक्का आहे. वेगवान गोलंदाजाला तो फार महागात पडतो.

चेंडू सुटण्याआधी पुढचा पाय क्रीजवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त बल जमिनीकडून उलट येतं. त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि वळत असते. हा सगळा भार कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांवर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याचं हाड म्हणूनच बहुधा डाव्या बाजूला तडकतं.

या मणक्यांना सांभाळणारा स्नायू म्हणजे मल्टिफिडस. तो कण्याला चिकटून, अगदी खोलवर असतो. त्याचे आखूड तंतू एका मणक्यापासून निघून खालच्या दोन-चार मणक्यांना जोडलेले असतात. पाठीचे मोठे स्नायू अख्खं धड वाकवतात, उचलतात. हा एकेका मणक्याची हालचाल आवरतो. दुखापत झाली की मज्जारज्जूकडून त्याला मिळणारे संदेश दबतात आणि जिथे दुखतं नेमका त्याच बाजूचा, त्याच मणक्यापाशी असलेला भाग थोड्याच दिवसांत बारीक होतो. नुसत्या आरामामुळे येणारा अशक्तपणा इतका नेम धरून येत नाही!

ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ रुग्णांचा हा स्नायू सोनोग्राफीने मोजला. १९९६ साली आलेला त्यांचा निष्कर्ष मला आजही थक्क करतो. महिन्याभरात बहुतेकांचं दुखणं थांबलं होतं, पण खास व्यायाम न केलेल्यांचा स्नायू दहा आठवड्यांनंतरही लहानच होता. वर्षभरात त्यांच्यापैकी ८४ टक्के लोकांची कंबर पुन्हा धरली. व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांची. पुढे २००८ मध्ये क्रिकेटपटूंमध्येही व्यायामाने हा स्नायू वाढल्याचं आणि दुखणं घटल्याचं दिसलं. खेळाडू थोडे होते, त्यामुळे त्यावरून चमत्काराच्या जाहिराती करू नयेत.

हाडाला तडा गेला असेल तर आधी गोलंदाजी बंद, हे आलंच. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याच्या मणक्यांना १९७३ मध्ये असे तडे गेले आणि सहा आठवडे त्याचं धड प्लास्टरमध्ये होतं. नंतर त्याने कित्येक महिने व्यायामात घातले आणि १९७४-७५ च्या अ‍ॅशेस मालिकेत २५ बळी घेतले.

मल्टिफिडसचा व्यायाम दिसायला अगदी साधा. पालथं झोपून, कणा न हलवता, कंबरेलगतचा स्नायू हलकेच फुगवायचा, दहा सेकंद धरायचा, श्वास चालू ठेवायचा. तो जमला की ओणवं होऊन विरुद्ध हात-पाय उचलणं, कुशीवरचा प्लँक, एका पायावर उठबस, मग वजनं आणि उड्या. नेटमध्ये आधी जागेवरून, नंतर अर्ध्या रनअपने, षटकं वहीत लिहीत हळूहळू वाढवायची. शाळा, क्लब आणि टेनिस बॉलच्या स्पर्धेत एकाच आठवड्यात टाकणाऱ्या मुलाची षटकं प्रत्येक प्रशिक्षक आपल्यापुरतीच मोजतो, म्हणून ही वही घरी असलेली बरी.