मीकुलोव्ह आणि तेथील ज्यू समाज

मीकुलोव्ह (जर्मन नाव निकोल्सबुर्ग) : चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण मोराव्हियातील, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीजवळचे छोटे शहर. लोकसंख्या सु. ७,५००. ब्रनोच्या दक्षिणेस सु. ५० किमी.वर, चुनखडीच्या पालावा टेकड्यांच्या पायथ्याशी, ब्रनो-व्हिएन्ना हमरस्त्यावर ते वसले आहे. आसपास द्राक्षमळे असून वाइन हा जुना व्यवसाय आहे. १२४९ मध्ये हा प्रदेश लिख्टेनश्टाइन घराण्याला आणि १५७५ मध्ये डीट्रिखश्टाइन घराण्याला मिळाला. सम्राट दुसरा फर्डिनांड व ट्रान्सिल्व्हेनियाचा राजपुत्र गाबोर बेथलेन यांचा १६२१ चा तह आणि प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धातील १८६६ चा प्राथमिक तह येथे झाला. मात्र शहराचे खरे महत्त्व ज्यू इतिहासात आहे. सु. तीन शतके मोराव्हियातील ज्यूंचे धर्मपीठ येथे होते.

वसाहतीचा आरंभ केव्हा झाला याविषयी एकमत नाही. ज्यू व्यक्तीचा पहिला उल्लेख सामान्यतः चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात. पण एका व्यक्तीच्या उल्लेखावरून तेथे संघटित समाज होता असे म्हणता येत नाही. १४२१ मध्ये व्हिएन्नातून आणि १४५४ मध्ये ब्रनो, झ्नोइमो, ओलोमोउत्स या राजाच्या शहरांतून ज्यूंची हकालपट्टी झाली. वसाहत या दोन घटनांनंतर उभी राहिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. राजाच्या शहरांत मज्जाव झाल्यावर सरदारांच्या जहागिरी तेवढ्या उरल्या. जहागीरदाराला कर आणि व्यापार हवा होता, ज्यूंना संरक्षण. मोराव्हियातील ज्यू लोकवस्ती एका महानगरात न एकवटता डझनावारी लहान शहरांत विखुरली, ती या व्यवस्थेमुळे. मीकुलोव्हचा मोहल्ला किल्ल्याच्या टेकडीच्या पश्चिम उतारावर, जहागीरदाराच्या तटाखालीच आहे. १६७० मध्ये व्हिएन्नातून पुन्हा हकालपट्टी झाली, तेव्हा तेथील अनेक कुटुंबे येथे आली.

धर्मपीठाचा प्रारंभही असाच वादग्रस्त आहे. परंपरेनुसार येथील पहिला थोर प्रांतिक प्रमुख रब्बी (ज्यू धर्मगुरू) म्हणजे ‘महाराल’ या नावाने प्रसिद्ध असलेला यहुदा लोव बेन बेत्सालेल. त्याचा काळ १५५३ ते १५७३. त्याला ओळखणारा प्रागचा बखरकार डेव्हिड गान्स हा त्याची मोराव्हियातील सु. वीस वर्षे नोंदवतो, पण भर प्रांतावर देतो, एका शहरावर नाही. त्यामुळे लोवचे पद निश्चित धरावे आणि ‘पीठ तेव्हापासून कायमचे मीकुलोव्हलाच होते’ हे विधान सावधपणे करावे, हे उचित. गोलेमची (मंत्राने जिवंत केलेल्या मातीच्या पुतळ्याची) प्रसिद्ध दंतकथा प्रागशी निगडित आहे. तिचा या शहराशी संबंध नाही. लोवचा येथे खरोखर जिव्हाळ्याचा प्रश्न वाइनचा होता. धर्मनियमानुसार ज्यूंनीच हाताळलेली वाइन ज्यूंना चालते. परंतु द्राक्षमळ्यांच्या या प्रांतात बिगरज्यूंची वाइन सर्रास प्याली जाई. क्राकूव्हचा रब्बी मोझेस इसेर्लेस याने या सवलतीचे समर्थन शोधून पाहिले. लोवने तिला कडाडून विरोध केला आणि अशी वाइन वर्ज्य करणाऱ्यांसाठी सिनॅगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) म्हणावयाची खास आशीर्वादप्रार्थना रचली.

नंतरच्या पीठाधिकाऱ्यांत मेनाखेम मेंडेल क्रोखमाल (कार. १६४८–६१), ग्रंथसंग्राहक डेव्हिड ओपनहाइम, हसिदी या भक्तिप्रधान ज्यू पंथाचा श्मुएल श्मेल्के होरोव्हिट्स (१७७३–७८), मोर्देखाय बेनेट (१७८९–१८२९) आणि सॅमसन राफाएल हिर्श (१८४७–५१) हे प्रमुख होत. क्रोखमालच्या काळात, १६५० पासून, प्रांतिक परिषदेचे ३११ नियम संकलित झाले. हिब्रू अक्षरांनी आकडे लिहिण्याच्या पद्धतीमुळे ते ‘शाय तक्कानोत’ म्हणून ओळखले जातात. कर, निवडणुका, न्यायनिवाडा आणि शिक्षण हे त्यांचे विषय. शिक्षणाचे नियम आरंभीच येतात, हे त्या समाजाविषयी बरेच सांगून जाते. क्रोखमालच्या निर्णयांपैकी माशांविषयीचा निर्णय दैनंदिन जीवनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. शब्बाथला (ज्यूंच्या साप्ताहिक पवित्र विश्रांतिदिनी) मासे लागतातच हे हेरून कोळ्यांनी भाव चढवले, तेव्हा समाजाने दोन महिने मासे न घेण्याचा ठराव केला. असा ठराव शब्बाथच्या सन्मानाला बाधक ठरतो काय, असे विचारले असता त्याने ठराव वैध ठरवला : भाव असेच राहिले तर गरिबांना शब्बाथला मासे कधीच मिळणार नाहीत, आणि ते मिळावेत म्हणून काही आठवडे त्यांच्याविना काढणे योग्य आहे.

वरचे सिनॅगॉग (‘आल्टशूल’) १५५० च्या सुमाराचे. १७१९ च्या आगीत शहर व किल्ला यांसह ते जळाले आणि १७२१–२३ मध्ये आजच्या रूपात उभे राहिले. त्याच्या रचनेचा थोडा विस्ताराने विचार आवश्यक आहे. तोरा हा धर्मग्रंथ वाचण्याचा चौथरा (बिमा) सभागृहाच्या मध्याजवळ असावा, असा संकेत आहे. मध्ययुगीन मध्य युरोपात, उदा. प्रागच्या जुन्या-नव्या सिनॅगॉगमध्ये, दोन खांबांच्या ओळीमधील जागेत बिमा बसवत. पोलंडमध्ये सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वेगळी युक्ती रुजली : मध्यभागी चार खांब जवळजवळ उभारून त्यांच्या आत बिमा ठेवायचा आणि छताचा भारही त्यांच्यावरच द्यायचा. मीकुलोव्हचे सभागृह चार घुमटांनी आच्छादलेले आहे. चार घुमट चौरसावर बसवले की त्यांचे आतले कोपरे बरोबर मध्यबिंदूवर एकत्र येतात. तेथे आधार नसेल तर छत उभे राहत नाही, आणि एकच जाड खांब दिला तर बिम्याची जागा जाते. चार खांबांचा चौक दोन्ही अडचणी सोडवतो. वाचकाभोवती छत्रीही आपोआप तयार होते.

या प्रकाराला अनेकदा ‘ल्व्हूव्ह प्रकार’ म्हणतात. परंतु ल्व्हूव्हच्या (आजच्या युक्रेनमधील लव्हीव शहराच्या) उपनगरातील सतराव्या शतकातील सिनॅगॉगमध्ये खांब दूर दूर असून छताचे नऊ समान भाग पडत. तेथे बिमा हा चार खांबांनी वेढलेला गाभा राहत नाही. मीकुलोव्हची रचना पोलंडमधील तिकोचिन व वानत्सुत येथील सिनॅगॉगना जवळची आहे. म्हणून ‘पोलिश चतुःस्तंभी बिमा’ ही संज्ञा अधिक नेमकी. चेक प्रदेशात या प्रकारचे हे एकमेव शिल्लक उदाहरण मानले जाते. १६४८ नंतर पोलंड-युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांबरोबर ही पद्धत आली असावी. क्रोखमाल स्वतः क्राकूव्हचा होता. मात्र आगमन आणि बांधकाम यांत सत्तर वर्षांचे अंतर आहे, हे विसरू नये.

१७२६–२७ मध्ये सहाव्या कार्लने ‘फामिलियांट’ कायदा लागू केला. मोराव्हियात ५,१०६ आणि बोहेमियात ८,५४१ एवढीच ज्यू कुटुंबे असावीत, अशी मर्यादा ठरली. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक होता. तो सामान्यतः बापाच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाकडे जाई आणि त्यालाच कायदेशीर विवाह करता येई. धाकट्यांपुढे मार्ग तीन : वारस नसलेला क्रमांक मिळवणे, हंगेरीत (विशेषतः आजच्या पश्चिम स्लोव्हाकियात) स्थलांतर करणे, किंवा केवळ धर्मविधीने गुप्त विवाह करणे. अशा विवाहातील मुले सरकारदरबारी अनौरस ठरत आणि आईचे आडनाव लावत. वंशावळी लावताना येथेच चूक होते : आडनाव बदलले म्हणून कुटुंब वेगळे समजले जाते. मोहल्ल्याला बाहेर वाढण्यास वाव नसल्यामुळे घरांचे मजले आणि खोल्याही वेगवेगळ्या मालकांच्या नावे असत. या कायद्याखाली मीकुलोव्हच्या वाट्याला ६२० कुटुंबे आली. प्रांतातील ही सर्वांत मोठी वस्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे सु. ३,५०० ज्यू राहत, म्हणजे शहराच्या सु. दोन पंचमांश. व्हिएन्नाचा विधिज्ञ आणि छळाच्या शिक्षेचा विरोधक योझेफ फोन सोनेनफेल्स याचा जन्म येथल्याच ज्यू कुटुंबातला. पित्याने पुढे धर्मांतर केले.

उतरती कळा निर्बंध उठल्यावर लागली. व्हिएन्ना-ब्रनो रेल्वे १८३९ मध्ये ब्रेक्लाव्हमार्गे गेली आणि हमरस्त्याचा व्यापार ओसरला. मीकुलोव्हला रेल्वे १८७२ मध्ये पोचली. १८४८–४९ मध्ये संचारस्वातंत्र्य मिळताच तरुण व्हिएन्ना व ब्रनोकडे वळले. हिर्श १८५१ मध्ये फ्रँकफुर्टला गेल्यावर पीठही येथे राहिले नाही. मोहल्ल्याला मात्र स्वतंत्र ‘राजकीय ज्यू नगरपालिका’ म्हणून दर्जा मिळाला. मोराव्हियातील अशा २७ नगरपालिका पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत टिकल्या. बोहेमियात हा प्रकार नव्हता.

१९३६ मध्ये मोराव्हिया-सायलीशियासाठी मध्यवर्ती ज्यू संग्रहालय येथे सुरू झाले. म्यूनिक करारानंतर ऑक्टोबर १९३८ मध्ये शहर जर्मनीला जोडले गेले. संग्रह ब्रनोला व पुढे प्रागला हलला. त्या वेळच्या ४७२ ज्यू रहिवाशांपैकी सु. ११० जण परदेशी निसटू शकले, ३२७ जण मारले गेले. ब्रनोत आश्रय घेतलेल्यांनाही तेथून तेरेझीनच्या छावणीत व पुढे पूर्वेकडील छावण्यांत नेण्यात आले. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपत आले असताना, वेठबिगारीसाठी आणलेल्या २१ हंगेरियन ज्यूंना येथील मातीच्या खाणीत गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे स्मारक दफनभूमीत आहे. युद्धानंतर समाज पुन्हा उभा राहिला नाही. सु. ३०० घरांपैकी ९० च्या आसपास उरली, बाकीची पाडली गेली. २००४ मध्ये स्नानकुंड (मिक्वे) उजेडात आले. वरच्या सिनॅगॉगचा जीर्णोद्धार होऊन तेथे प्रदर्शन आहे.

दफनभूमी सु. दोन हेक्टरांची असून सु. ४,००० शिळा आहेत. वाचता येणारी सर्वांत जुनी शिळा १६०५ ची. ‘रब्बींच्या टेकडी’वर पीठाधिकाऱ्यांची थडगी आहेत. बेनेट १८२९ मध्ये कार्लोव्ही व्हारी येथे वारला, जवळच्या गावी पुरला गेला आणि काही महिन्यांनी येथे आणला गेला. शिळांवरील वर्षात हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो (ज्यू वर्ष ५३६५ ऐवजी ३६५). उरलेल्या संख्येत १२४० मिळवले की इसवी सन येतो (३६५ + १२४० = १६०५); परंतु ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने तिश्री, खेश्वान व किस्लेव्ह या महिन्यांसाठी, तसेच तेवेतच्या डिसेंबरात पडणाऱ्या दिवसांसाठी १२३९ मिळवावे लागतात. वर्षे हिब्रू अक्षरांनी लिहिलेली असतात; झिजलेल्या दगडावर ‘हे’ (५) आणि ‘खेत’ (८) या अक्षरांत फरक करणारी बारीक फट भरून जाते. शेवटचे अक्षर गळले तर केवळ दशक सांगता येते. म्हणून जुन्या याद्यांमधील तारखा मूळ शिळेशी ताडून घ्याव्यात.