वॉर्डातील मूल्यमापन मोबाईलवर : नर्सिंग व फिजिओथेरपी महाविद्यालयांसाठी माहितीपत्रक

ठाणे व नवी मुंबईतील महाविद्यालयांचे विद्यार्थी क्लिनिकल पोस्टिंगसाठी (रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी) कळव्यापासून बेलापूरपर्यंत निरनिराळ्या रुग्णालयांत विखुरलेले असतात. ट्यूटरना मात्र एका वेळी एकाच वॉर्डात थांबता येते. त्यामुळे लॉगबुकमधील सह्या पुष्कळदा पोस्टिंग संपताना एकगठ्ठा होतात. अशा सहीवरून काम झाले एवढेच कळते, ते कसे झाले हे कळत नाही.

आमच्या ॲपमुळे ही नोंद कामाच्या जागीच होते. विद्यार्थिनी आयव्ही कॅन्युला (शिरेतून औषध देण्याची बारीक नळी) लावत असताना शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर, रुग्णाची ओळख पडताळली का, हात स्वच्छ केले का, वापरलेली सुई योग्य डब्यात टाकली का, हे क्रमाने पाहतात आणि काम संपताच आपल्या मोबाईलवर नोंदवतात. कौशल्य प्रत्यक्ष पाहून तपासण्याची ही रीत वैद्यकीय शिक्षणात ‘डॉप्स’ (डायरेक्ट ऑब्झर्व्हेशन ऑफ प्रोसिजरल स्किल्स) या नावाने रुळलेली आहे. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या, क्षमतेच्या पायऱ्या दाखवणाऱ्या पिरॅमिडमध्येही माहिती असणे सर्वांत खाली आणि प्रत्यक्ष कामात करणे सर्वांत वर आहे.

गुणांपेक्षा अभिप्राय मोलाचा, असे आमचे ठाम मत आहे. म्हणून ‘पुढच्या वेळी काय वेगळे करावे’ हा रकाना भरल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. तो मराठीत बोलूनही भरता येतो. ‘चांगले’ या शेऱ्याने विद्यार्थिनीच्या हाती काही लागत नाही, पण ‘टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) फार वेळ आवळून ठेवला’ हे वाक्य तिला दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडते. मात्र एका निरीक्षणावरून कोणालाही नापास करू नये. वेगवेगळ्या रुग्णांजवळ, वेगवेगळ्या निरीक्षकांनी केलेल्या नोंदी एकत्र पाहूनच शिक्षकांनी निर्णय घ्यावा, आणि तो निर्णय ॲपवर सोपवू नये.

रुग्णाचे नाव, केसपेपरचा क्रमांक किंवा छायाचित्र यांसाठी ॲपमध्ये जागाच ठेवलेली नाही. विद्यार्थ्यांची माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे भान ठेवून, त्यांच्या संमतीनेच घेतली जाते. रुग्णाजवळ मोबाईल काढण्यापूर्वी तो कशासाठी आहे हे रुग्णाला व नातेवाइकांना अवश्य सांगावे, नाहीतर कर्मचारी मोबाईलवर वेळ घालवत आहेत असा त्यांचा रास्त गैरसमज होतो.

वॉर्डात नेटवर्क नसल्यास नोंद मोबाईलमध्येच राहते व नंतर आपोआप पुढे जाते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी वॉर्डात एक सामाईक टॅबलेट ठेवावा. प्रथम एकाच वॉर्डात सुरुवात करून, तेथील सिस्टरांच्या सूचनांनुसार तपासणीच्या पायऱ्या दुरुस्त करून घ्याव्यात आणि मगच इतर पोस्टिंगमध्ये ॲप वापरावे, अशी आमची शिफारस आहे.