दवबिंदू माठाचा, आसवं तुळशीची

‘गोंदिया जिल्ह्यात सापडलं रक्त पिणारं राक्षसी झाड!’ हा व्हिडिओ गेल्या भाद्रपदात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा आला. राक्षस म्हणजे दवबिंदू, शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. उंची वीतभरसुद्धा नाही. रक्त पीत नाही, चिलटं-मुंग्या पचवतं, आणि हे डार्विननं १८७५ सालीच प्रयोगांसकट छापलंय. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी ते नव्यानं शोधतंच.

त्याखाली एका काकांनी लिहिलं, ‘याच्याच कुळातली सीतेची आसवं आमच्या बोडीखाली असतात.’ बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं, आणि सीतेची आसवं म्हणजे युट्रिक्युलेरिया, हेही किडेखाऊ रोप. काकांची चूकच, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केलेली. म्हणून आवडली.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाच्या बांध्यांमध्ये कुठे कुठे मुरमाचा उघडा तुकडा राहतो. पावसाळाभर त्यावरून पाणी झिरपतं आणि नत्र, स्फुरद धुऊन नेतं. अशाच एका तुकड्यावर मी भिंग घेऊन उकिडवा बसलो होतो, तर शेताचे मालक आले. “का पाहून रायले जी? इथं तं गवतबी धड होत नाही.”

गवत होत नाही म्हणूनच ही दोघं तिथं होती. लाल, चिकट दवबिंदू आणि बोटभर अंतरावर जांभळी आसवं. मातीत नत्र नाही, ते किड्यांकडून घ्यायचं. धंदा एक, पण कुळं वेगळी. कुळांच्या वरचा मोठा गट म्हणजे गण, तोही वेगळा: दवबिंदू हा माठ, पालक, निवडुंग यांच्या गणातला. आसवं तुळस, तीळ, साग यांच्या गणातली. म्हणजे दवबिंदूला शेजारच्या आसवांपेक्षा परसातला माठ जवळचा! दोघांचा सामाईक पूर्वज दहा कोटी वर्षांहून जुना, आणि तो किडे खात नव्हता. ही विद्या दोन्ही घराण्यांनी आपापली कमावली.

हत्यारांवरूनही ते कळतं. दवबिंदूचा डिंक सरळ आहे: किडा चिकटतो, केस त्याच्यावर वाकतात. आसवांचं यंत्र मात्र मला वेड लावतं. या झाडाला खरी मुळंच नाहीत. जमिनीखाली बारीक धागे, त्यांना खसखशीएवढ्या पिशव्या. पिशवीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर फेकतात, त्यामुळे भिंती ओढून घेतलेल्या गालांसारख्या आत जातात. पाण्यात तरंगणाऱ्या जातींमध्ये मोजलं, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १५ किलोपास्कलनं कमी भरतो. दार बाहेरच्या अंगाला फुगीर असतं, आणि त्या फुगवट्यामुळेच ते दाब पेलतं. दारावरच्या केसाला सूक्ष्म जीव घासला की फुगवटा उलटा होतो, दार कोसळतं, भिंती ताठ होतात, पाण्याबरोबर शिकार आत. एक सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग! दार पुन्हा बसतं, पंप पुन्हा सुरू. शिकार स्वतःच डोक्यानं दार ढकलून आत शिरते, असं डार्विनला वाटलं होतं. इथं तो चुकला.

नात्यानं लांबच्या जाती शेजारी असल्या की सहसा एक विम्यासारखा फायदा असतो: एकीला जे मारतं ते दुसरीला मारेलच असं नाही. इथं तो विमा चालत नाही. वरच्या बांधीतलं युरियाचं पाणी आलं की गवत माजतं, ऊन अडतं, आणि माठाचा नातलग न् तुळशीची नातलग एकाच हंगामात जातात.

परत येण्याची वाटही अवघड. बी धुळीसारखं बारीक, पडतं तिथल्या तिथंच. पुढचा मुरमाचा तुकडा कोसभर धानापलीकडे. १९९४ मध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की अधिवास आधी तुटतो, जाती मागाहून संपतात. याला नामशेषतेचं कर्ज म्हणतात. सागासारखं झाड ते पन्नास वर्षं खेचेल. आपल्याकडचा दवबिंदू एका पावसाळ्याचा, त्यामुळे मुरमात दडलेलं बी एवढीच त्याची शिल्लक.

निघताना मालक म्हणाले, “उन्हाळ्यात बोडीतला गाळ निघन. दोन ट्रॉल्या इथं टाकतो, मंग पहा कसा धान होते.”

गाळानं बरड जमीन सुधारते, हे खरंच आहे. मी मान डोलावली आणि पिकलेली दोन बोंडं कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवली.