'ठरवलंय' म्हणजे नेमकं काय? निश्चय वेगळा, बेत वेगळा

"रोज अर्धा तास चालायचं ठरवलंय." आणि "सकाळी दात घासून झाले की बूट घालून बाहेर पडायचं ठरवलंय." दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पहिला निश्चय आहे, दुसरा बेत. मराठीत दोन्हीला 'ठरवणं'च म्हणतात, त्यामुळे निश्चय झाला की बेतही झाला असं वाटून जातं.

निश्चय सगळ्यांच्या ओळखीचा आहे. काय हवंय, का हवंय, किती मनापासून हवंय, याचं ते उत्तर. प्रेरणा म्हणतात ती इथे कामाला येते. पण निश्चय मोडला की लोक पुन्हा प्रेरणेच्याच मागे लागतात: आणखी एक भाषण, आणखी एक व्हिडिओ, भिंतीवर नवा सुविचार. त्यानेही भागलं नाही की 'मी आळशीच' असा निकाल. हे पाहून दर वेळी जीव तुटतो, कारण दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडेच लावलेला असतो.

ब्रिटनमध्ये सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २४८ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षा साधी होती: आठवड्यातून निदान एकदा २० मिनिटं दमवणारा व्यायाम. एका गटाला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे समजावणारा मजकूर वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला, पण शिवाय व्यायाम कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे लिहून दिलं. तिसऱ्याला यातलं काहीच नव्हतं. काहीच न मिळालेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, नुसती प्रेरणा मिळालेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी, आणि दिवस-वेळ-जागा लिहिणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी. मजकूर वाचून विद्यार्थ्यांचा इरादा पक्का झाला होता, पण तेवढ्याने पाय हलले नाहीत.

असं का होतं, याची उकल मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी केली आहे. नुसत्या निश्चयात 'आत्ता करू की नंतर?' हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो, तोही नेमका आपण दमलेलो किंवा घाईत असताना. बेतात तो आधीच सुटलेला असतो. अमुक घडलं की तमुक करायचं, अशी गाठ मारून ठेवली की ते अमुक समोर येताच लक्षात येतं आणि हात बऱ्याच अंशी आपसूक चालतो.

गाठ कशाला मारता यावर मात्र सगळं अवलंबून. 'वेळ मिळाला की' ही खूण नव्हेच, कारण वेळ मिळाल्याची घंटा वाजत नाही. 'संध्याकाळी' हेही ढगळच. 'सात वाजता' चालेल, पण सातला तुम्ही दुसऱ्या कशात गुंतलेले असलात तर सात कधी वाजून गेले ते कळतही नाही. म्हणून माझी पसंती घड्याळापेक्षा रोज हमखास संपणाऱ्या कामाला. समजा, परकी भाषा शिकायची आहे. रात्री ब्रश पेल्यात परत ठेवला, ही खूण. नंतरची कृती: टेबलापाशी बसून वहीत एक वाक्य लिहायचं. वही आदल्या दिवशीच्या पानावर उघडी, आत पेन, झाकण काढलेलं. वही कपाटात असली तर ब्रश आणि वाक्य यांच्या मधे कपाट येतं, आणि बहुतेक बेत अशा कपाटापाशीच मरतात.

कृती करण्याजोगी हवी. 'फोन बघणार नाही' हा बेत नव्हे. 'अंथरुणावर बसलो की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणार' हा बेत. हमखास येणाऱ्या अडचणीलाही स्वतंत्र गाठ लागते: 'पाऊस असला तर घरातच २० मिनिटं जिना चढणार.' आणि एका वेळी एकच ध्येय घ्या. पाच ध्येयांचे पाच बेत एकाच दिवशी केले की ते एकमेकांच्या वेळेवर पाय देतात.

सवय ही आणखी तिसरी गोष्ट. बेत बरेच दिवस पाळला की ती लागते, इतकंच. '२१ दिवसांत सवय' हे मात्र आता सोडा. संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या ९६ जणांच्या अभ्यासात सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरले होते. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही.

मग प्रेरणा बिनकामाची का? मुळीच नाही. निश्चयच कच्चा असेल तर बेत लंगडा पडतो. तुमचं नेमकं काय कमी पडतंय ते ओळखायला, गेल्या वेळी राहून गेलं तो क्षण आठवा. 'लक्षातच आलं नाही', 'सुरुवात करेपर्यंत उशीर झाला' असं उत्तर आलं तर कमी पडतोय तो बेत. खूण आणि जागा बदला. 'लक्षात होतं, वेळ होता, वहीही समोर होती, तरी नको वाटलं' हे सलग चार-पाच वेळा आलं, तर बेतात आणखी डोकं घालू नका. ते ध्येय तुमचं आहे की दुसऱ्या कुणी तुमच्यासाठी ठरवलेलं, हे आधी पाहा.