प्लॅटिपसचे प्रजनन

पूर्व ऑस्ट्रेलिया व टास्मानियातील नद्या-ओढ्यांत राहणारा प्लॅटिपस हा अंडी घालणारा सस्तन प्राणी आहे. आज हयात असलेल्या सस्तनांत अशी वीण फक्त त्याची आणि एकिडना या काटेरी अंगाच्या प्राण्याची. १७९९ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पण तो अंडी घालतो की थेट पिले, यावर युरोपात पुढे अनेक दशके वाद चालला. १८८४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॉल्डवेल यांनी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडातील बर्नेट नदीकाठी तो अंडी घालतो याचा पुरावा मिळवला. प्राणी शोधून आणण्याचे कष्ट बहुतांशी स्थानिक आदिवासींचे. नाव मात्र कॉल्डवेल यांचे झाले.

विणीचा हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर. उत्तरेला लवकर, टास्मानियात उशिरा. नर मादीची शेपटी आपल्या बदकासारख्या चोचीत धरतो आणि दोघे पाण्यात गोल फिरत राहतात. मीलनही पाण्यातच होते. नराच्या मागच्या पायांना विषारी काटे असतात. याच काळात विष वाढते, म्हणजे ते प्रतिस्पर्धी नरांसाठी असावे.

मीलनानंतर नराचा संबंध संपतो. मादी काठावर लांब बीळ खणते, ओली पाने शेपटीखाली धरून आत नेते आणि वाट मातीने बुजवते. तिचा फक्त डावा अंडाशय कार्यक्षम असतो. सुमारे तीन आठवड्यांनी ती बहुधा दोन अंडी घालते. चिवट कवचाची ही अंडी जेमतेम १७ मिलिमीटरची असतात. शेपूट पोटाशी दुमडून ती त्यांना सुमारे १० दिवस उबवते.

अंड्यांचे कौतुक फार झाले. खरे नवल दुधाचे आहे. मादीला स्तनाग्रे नसतात. पोटावरच्या त्वचेतून दूध पाझरते आणि आंधळी, केसहीन पिले ते चाटून पितात. असे उघड्यावर येणारे दूध सहज दूषित व्हायचे, पण त्यात जिवाणूनाशक प्रथिन असते. तीन-चार महिन्यांनी पिले बिळाबाहेर येतात.

एकिडनाची वीण थोडी निराळी: मादी एकच अंडे घालते आणि ते पोटावरच्या पिशवीत ठेवते. हंगामात तिच्यामागे अनेक नर रांगेने चालताना दिसतात.

बंदिवासात प्लॅटिपसची वीण क्वचितच साधते. व्हिक्टोरियातील हील्सव्हिल अभयारण्यात निसर्गतज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांना १९४३ मध्ये पहिले यश आले. दुसऱ्यासाठी १९९०च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.