सेल संपला तरी दार उघडतं

रिमोट चालेना तर घरी फोन लावा, दुसरा रिमोट फोनजवळ धरून दाबायला सांगा आणि आपला फोन दाराला टेकवा, गाडी उघडेल! हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय आणि दर वेळी कोणीतरी ‘उपयुक्त माहिती’ म्हणून तो पुढे ढकलतं. रिमोटमधून आवाज निघत नाही. निघतात त्या 433.92 किंवा 315 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी. फोन वाहून नेतो तो काही हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज. मग त्यातून जाणार काय? याचंच भावंड म्हणजे भोक पाडलेला टेनिस बॉल किल्लीच्या भोकावर दाबून हवेच्या जोराने लॉक उघडायचा उपाय. ती हवा दाराच्या पोकळीत जाते, आणि पोकळीच्या तळाशी पावसाचं पाणी निघून जायला भोकं असतातच. दाब तयार व्हायचा कसा?

खरं तर असल्या जादूची गरजच पडत नाही, कारण दार धरून ठेवायला वीज लागत नाही.

दाराच्या चौकटीवर यू अक्षराच्या आकाराची पोलादी कडी असते, मेकॅनिक तिला स्ट्रायकर म्हणतात. दाराच्या कडेला लॅच असतो आणि त्यात बेचक्यासारखा एक आकडा. दार लोटलं की कडी बेचक्यात शिरून आकड्याला फिरवते. तो फिरला की स्प्रिंगने दाबलेली एक छोटी पट्टी त्याच्या खाचेत पडते आणि त्याला मागे फिरू देत नाही. खाचा दोन असतात. पट्टी पहिल्याच खाचेत राहिली तर दार अर्धवट लागतं, म्हणूनच ते पुन्हा ओढून लावावं लागतं.

मला या यंत्रणेत सगळ्यात आवडते ती पट्टीची जागा. बंद दार बाहेरून खेचलं की आकडा पट्टीवर जोर देतो, पण त्या जोराची रेषा पट्टी ज्या खिळीभोवती फिरते तिच्या जवळूनच जाते. शाळेतला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आठवा: बल गुणिले भुजा, आणि भुजा म्हणजे खिळीपासून त्या रेषेचं अंतर. रेषा खिळीतूनच गेली तर भुजा शून्य, मग बल कितीही मोठं असलं तरी गुणाकार शून्यच. प्रत्यक्षात रेषा खिळीच्या किंचित अलीकडे-पलीकडे ठेवलेली असते. ती योग्य बाजूला असेल तर खेचण्याने पट्टी उलट खाचेत घट्ट बसते. हँडल मात्र तीच पट्टी खिळीपासून दूर धरून उचलतं. भुजा मोठी असल्यामुळे बोटांचं बळ पुरतं.

मग लॉक नेमकं काय करतं? पट्टीला ते बहुतेक वेळा हातही लावत नाही. हँडल आणि पट्टी यांच्यामध्ये एक जोडदांडा असतो, लॉक केल्यावर तो बाजूला होतो. हँडल हलतं, पण ओढ पुढे पोचत नाही. दांडा सरकवणारी मोटर अगदी लहान असते आणि क्षणभर फिरून थांबते. दांडा ज्या बाजूला गेला तिथेच स्प्रिंग त्याला धरून ठेवते. वीज लागते ती फक्त स्थिती बदलायला. म्हणून बॅटरी उतरली तरी लॉक असलेलं दार लॉकच राहतं, आणि तोच दांडा हाताने फिरवायची सोय म्हणजे किल्लीचं भोक.

अनेक गाड्यांत हे भोक ड्रायव्हरच्या हँडलजवळच्या टोपणाखाली लपवलेलं असतं आणि धातूची किल्ली रिमोटच्या पोटात. रिमोटवरचा लहानसा खटका सरकवला की ती बाहेर येते. वर्षातून एक-दोनदा ती फिरवून पाहावी, न वापरलेलं कुलूप गंजून बसतं.

गाडीतला चोरीविरोधी दिवा लुकलुकतोय, पण रिमोट दाबून काही होत नसेल, तर बहुधा रिमोटमधला 3 व्होल्टचा बटण सेल संपलाय. किल्लीने दार उघडल्यावर अलार्म बोंबलू शकतो, घाबरू नका. मग गाडी सुरू करायला, बटण स्टार्टच्या गाडीत रिमोट स्टार्टच्या बटणाला किंवा कंपनीने नेमलेल्या जागेला टेकवा. तिथल्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे रिमोटमधल्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते आणि ओळख पटवणारी चिप सेलशिवाय उत्तर देते. हा फॅरेडेचा 1831 चा शोध! क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, अंतर दुप्पट तर जोर एक-अष्टमांश. म्हणून रिमोट अगदी टेकवावाच लागतो.

सगळंच काळोखात असेल तर गाडीची बॅटरी उतरली. उभी गाडीही अलार्म आणि संगणकासाठी थोडी वीज खातच असते. 50 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी पाच-सहा आठवड्यांत रिकामी.

इलेक्ट्रिक गाडीवाले इथे हसतात, पण त्यांनी हसू नये. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत दाराचं लॉक 12 व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीवर चालतं, आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, तेसुद्धा तिच्यावरच. मोठी बॅटरी भरलेली असूनही मालक बाहेर उभा राहू शकतो. टेस्लाच्या मॉडेल 3 ला किल्लीचं भोकच नाही. पुढच्या बंपरवरच्या टोइंगच्या टोपणामागे दोन वायरी असतात, त्यांना बाहेरून 12 व्होल्ट दिले की बॉनेट उघडतं आणि मग बॅटरीला वीज देता येते. भविष्याची गाडी म्हणून मिरवायचं आणि दार उघडायला दुसऱ्याची बॅटरी मागायची!

आत मूल अडकलं असेल तर यातलं काहीच करत बसू नका. उन्हात बंद गाडीचं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढतं. मदतीसाठी फोन लावा आणि मुलापासून दूरच्या बाजूची काच फोडा, कोपऱ्यावर टोकदार कठीण वस्तूने मारून. बाजूच्या काचा सहसा टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात, एका घावात त्यांचा चुरा होतो. पुढच्या काचेच्या नादी लागू नका. तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, ती तडकते पण वाट देत नाही. आणि काही गाड्यांच्या दुहेरी लॉकमध्ये आतलं हँडलही पट्टीपासून तोडलेलं असतं, तेव्हा काच फोडून हँडल ओढलं तरी दार उघडेलच असं नाही. मूल खिडकीतूनच बाहेर घ्यायची तयारी ठेवा.